थोडी झीज सोसूनही

१९०७ च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली, हे शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेले असते. त्या पानावर एक जोडा असतो, मोडलेल्या खुर्च्या असतात, जहाल आणि मवाळ असतात. भांडण कशावरून झाले, असे विचारले तर बहुतेक जण म्हणतील, अध्यक्ष कोण व्हावा यावरून. ते खोटे नाही. मवाळांनी डॉ. रासबिहारी घोष ठरवले होते, जहालांच्या मनात लाला लजपतराय होते, आणि लालाजींनी स्वतःच अंग काढून घेतले तरी धुसफूस थांबली नाही. पण टिळकांच्या बाजूची खरी तक्रार ठरावांच्या मसुद्याबद्दल होती. आदल्या वर्षी कलकत्त्याला दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण असे चार ठराव संमत झाले होते. सुरतेत हे चारही पातळ होणार अशी कुजबुज आधीपासून होती, आणि छापील मसुदे ऐन वेळी हाती पडले तेव्हा ती खरी ठरली. स्वदेशीच्या ठरावात कलकत्त्याला म्हटले होते की परदेशी मालापेक्षा देशी मालाला लोकांनी पसंती द्यावी, थोडी झीज सोसूनही. सुरतेच्या मसुद्यातून हे शेवटचे तीन शब्द गळले होते.

तीन शब्द गळल्याने एवढे काय बिघडले? अर्थशास्त्र्याला विचाराल तर सगळेच बिघडले. देशी धोतर जर विलायतीइतकेच स्वस्त आणि तितकेच तलम असेल तर ते घ्या म्हणून सांगायला ठराव कशाला हवा, दुकानदारच सांगेल. ठरावाची गरज लागते ती देशी धोतर जाडेभरडे आणि वर दोन-चार आण्यांनी महाग असते तेव्हा. ते जास्तीचे आणे माणसाने आपल्या खिशातून का घालावेत, याचे उत्तर द्यावे लागते. ते उत्तर देण्याचे काम १९०४ पासून बंगालमध्ये एक पुस्तक करीत होते, आणि ते लिहिणारा माणूस मराठी होता.

सखाराम गणेश देउस्कर यांचे घराणे मूळ कोकणातल्या देऊस गावचे. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या काळात पूर्वेकडे गेलेल्या कुटुंबांपैकी हे एक, वैद्यनाथाच्या देवघरजवळ करौं या गावी स्थिरावलेले. सखारामांचा जन्म तिथलाच, १८६९ चा. आई लहानपणीच गेली आणि आत्याने सांभाळले. मराठी वाचनाची गोडी त्यांना या आत्याकडून लागली. देवघरच्या शाळेत शिकले, तिथेच मास्तर झाले. ब्राह्म समाजातले वयोवृद्ध राजनारायण बसू देवघरला राहत, त्यांच्याकडे यांचे जाणेयेणे होते. हे बसू म्हणजे अरविंद घोषांचे आजोबा. पुढे एका मॅजिस्ट्रेटच्या कारभारावर ‘हितवादी’ या बंगाली साप्ताहिकात लिहिले, नोकरीवर गदा आली, आणि मास्तर कलकत्त्याला येऊन त्याच ‘हितवादी’त प्रुफे तपासू लागले. प्रूफ तपासणारा वाढत वाढत संपादकाच्या खुर्चीपर्यंत गेला. घरात मराठी, लिहायला बंगाली, टिळकांवर निष्ठा, आणि कलकत्त्यातल्या शिवाजी उत्सवाचा हा मोठा आधार. १९०४ साली त्यांच्या ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेच्या आरंभी रवींद्रनाथांची शिवाजी उत्सवावरची कविता छापली गेली. ज्या बंगालात आया मुलांना बर्गी, म्हणजे मराठे स्वार, येतील म्हणून झोपवीत, तिथे एका बर्ग्याच्या वंशजाने हे घडवून आणावे, याची गंमत वाटते.

त्याच वर्षी ‘देशेर कथा’ निघाले. पुस्तकात नवे संशोधन असे फारसे नव्हते, आणि तोच त्याचा गुण. दादाभाईंचा दारिद्र्यावरचा इंग्रजी ग्रंथ १९०१ चा, विल्यम डिग्बीचा ग्रंथही त्याच वर्षीचा, रमेशचंद्र दत्तांच्या आर्थिक इतिहासाचा पहिला खंड १९०२ चा. तिन्ही जाडजूड, तिन्ही इंग्रजीत, आणि वाचणारे बहुधा वकील किंवा प्राध्यापक. दादाभाईंनी माणशी वार्षिक उत्पन्न वीस रुपये धरले होते. १८८२ मध्ये सरकारच्याच अधिकाऱ्यांनी ते सत्तावीस धरले. १९०१ मध्ये कर्झनसाहेबांनी तीस सांगितले. या तीस-वीसच्या वादात इंग्रजी पत्रांचे स्तंभच्या स्तंभ खर्ची पडत. देउस्करांनी ही सगळी शिदोरी सोडून सोप्या बंगालीत मांडली. विणकरांचे काय झाले, जकात कुणावर किती, दुष्काळ का पडतात, रेल्वेचा फायदा कुणाला, दरसाल किती पैसा समुद्रापार जातो. गावच्या शाळामास्तराला, पोस्टातल्या कारकुनाला, कॉलेजातल्या पोराला कळेल असे. आकडे तेच होते. वाचणारा बदलला.

चार-पाच वर्षांत पाच आवृत्त्या निघाल्या. अरविंद घोषांनी नंतर लिहून ठेवले आहे की बंगालच्या तरुणांवर या पुस्तकाचा जबरदस्त पगडा बसला आणि स्वदेशीच्या चळवळीची तयारी करण्यात त्याच्याइतका वाटा दुसऱ्या कशाचाच नव्हता. यातला फुगवटा थोडा कमी केला तरी बरेच उरते. कर्झनने बंगालची फाळणी जाहीर केली आणि ७ ऑगस्ट १९०५ ला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये बहिष्काराचा पुकारा झाला तेव्हा लोकांना राग यायला फाळणी पुरेशी होती. पण रागावलेल्या माणसाने मिठाच्या दुकानापुढे का थबकावे, हे फाळणीतून कळत नाही.

मिठाचेच घेऊ. बंगालच्या किनाऱ्यावर मीठ करणारे मलंगी होते. कंपनीच्या मक्तेदारीने त्यांना आधी जखडले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो धंदाच बसला. पुढे बंगाली घरातल्या भातावर पडणारे मीठ इंग्लंडातल्या चेशायरच्या खाणींमधून लिव्हरपूलमार्गे बोटीने येऊ लागले. पांढरेशुभ्र, बारीक, स्वस्त. ते खाणाऱ्या बाईला त्यात काही वावगे दिसण्याचे कारण नव्हते. मीठ ते मीठ. बहिष्काराच्या दिवसांत तेच मीठ परके झाले आणि लोक जाडे, मळकट ‘करकच’ मीठ मागू लागले. साखरेचे तसेच. आपल्याकडे जिला मोरस साखर म्हणत तिच्याऐवजी गूळ. काचेच्या विलायती बांगड्यांऐवजी शंखाच्या. रजनीकान्त सेनांनी आईने दिलेल्या जाड्याभरड्या कापडावर गाणे केले आणि ते घरोघर गेले. कापडाच्या बाबतीत तर सरकारनेच बहिष्कारवाल्यांच्या हाती कोलीत दिले होते. १८९६ पासून विलायती कापडावर साडेतीन टक्के आयातकर होता, आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांवर अन्याय नको म्हणून हिंदी गिरण्यांच्या कापडावरही बरोबर तेवढीच साडेतीन टक्के जकात! ज्याने एकदा हे वाचले त्याला कापडाच्या ताग्यावरचा भाव पुन्हा निव्वळ भाव म्हणून वाचता येत नसे.

या हिशेबाचे पहिले पान सुरतेत लिहिले गेले होते. १६०८ साली विल्यम हॉकिन्सचे जहाज सुरतेच्या बाऱ्यात आले, १६१३ साली जहांगीराच्या फर्मानाने इंग्रजांची वखार बसली. तेव्हा इंग्रज इथे विकायला आला नव्हता, विकत घ्यायला आला होता. त्याची लोकर इथल्या उकाड्यात कोण घेणार? तो चांदी देऊन गुजरातचे छापील आणि रंगीत सुती कापड नेई. इथल्या छिटांनी लंडनमध्ये असा काही धुमाकूळ घातला की तिथले विणकर देशोधडीला लागायची वेळ आली. १७१९ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर विणकरांच्या जमावांनी हिंदी छिटाचे झगे घातलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे फाडले, आणि १७२१ मध्ये पार्लमेंटने असे छापील सुती कापड वापरण्यावर कायद्याने बंदी घातली. परदेशी कापडावरच्या बहिष्काराची कल्पना पुण्याने किंवा कलकत्त्याने काढली असे आपण समजतो. इंग्रजांनी ती आपल्यावर आधीच चालवून पाहिली होती, आणि तिच्यामागे कायदाही उभा केला होता. १९०५ च्या दसऱ्याच्या सुमारास पुण्यात विद्यार्थ्यांनी विलायती कपड्यांची होळी केली तेव्हा हा रानटीपणा आहे असे इंग्रजी पत्रे म्हणाली. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी बायकांच्या अंगावरच्या झग्यांवर हात टाकला होता. इथे निदान ज्याचे कपडे त्यानेच आगीत टाकले.

सुरतेच्या माणसाला बाजारातून राज्यकर्त्याला धडा शिकवण्यासाठी कुठल्या पुस्तकाची गरज लागली नव्हती, हेही नोंदवायला हवे. १८४४ मध्ये मिठावरची पट्टी मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया झाली तेव्हा सुरतेत दुकाने बंद पडली, जमाव रस्त्यावर आला आणि सरकारला ती बारा आण्यांवर आणावी लागली. चारच वर्षांनी, १८४८ मध्ये, सरकारने नवी प्रमाणित वजने-मापे लादू पाहिली. व्यापाऱ्यांनी व्यवहारच थांबवला आणि सरकारने हुकूम गुंडाळला. पण दोन्ही वेळा लोक स्वतःच्या खिशाला लागलेली तोशीस दूर करायला उठले होते. १९०५ नंतर त्यांना सांगितले जात होते ते उलटे. तोशीस आपणहून लावून घ्या. त्यासाठी माणसाला आपल्या ताटापलीकडचे काही दिसावे लागते, आणि पुस्तक लागते ते इथे.

तर पुन्हा सुरतेत. अधिवेशन खरे म्हणजे नागपूरला व्हायचे. तिथे टिळकपक्षाचे बळ जास्त म्हणून फिरोजशहा मेहतांनी ते आपल्या वजनाच्या सुरतेला हलवले. तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमध्ये मंडप पडला, सोळाशेच्या वर प्रतिनिधी आले. २६ तारखेला सुरेंद्रनाथ बॅनर्जींना बोलूच दिले नाही, सभा तहकूब झाली. २७ ला टिळक व्यासपीठावर चढले, बोलू देण्याची सूचना आधी दिली आहे म्हणाले, आणि कोणी खाली उतरवू पाहिले तर हाताची घडी घालून उभे राहिले. तेवढ्यात जोडा आला. तो सुरेंद्रनाथांना लागून मेहतांवर गेला आणि मंडपात लाठ्या-खुर्च्या सुरू झाल्या. ‘मँचेस्टर गार्डियन’चा बातमीदार हेन्री नेव्हिन्सन व्यासपीठापाशीच होता. त्याने पुढच्या वर्षी काढलेल्या पुस्तकात त्या जोड्याचे वर्णन अगदी चांभाराच्या नजरेने केले आहे: लालसर कातड्याचा, टोकदार चोचीचा, तळाला शिसे ठोकलेला मराठी जोडा. फेकणारा कोण होता यावर पुढे पुष्कळ शाई सांडली. जोडा मात्र अस्सल स्वदेशी होता, यावर कुणाचे दुमत झाले नाही.

जोड्यावरून आठवले. कलकत्त्याच्या जकात अधिकाऱ्याने १९०६ च्या सप्टेंबरात आदल्या वर्षीच्या ऑगस्टशी तुलना करून काही आकडे टिपले होते. आयात सुती कापड २२ टक्क्यांनी घटले, सूत ४४ टक्क्यांनी, मीठ ११, सिगारेटी ५५, आणि बूट-जोडे तब्बल ६८ टक्क्यांनी. बहिष्काराचा जोर दाखवायला हे आकडे नेहमी दिले जातात, पण ते जरा उलटवून पाहावेत. ज्या वस्तू सुशिक्षित मध्यमवर्ग वापरी, म्हणजे बूट आणि सिगारेट, त्यांची घट मोठी. जे सगळ्यांना लागते ते मीठ थोडेच हलले. कापडाच्या घटीतही काही वाटा मारवाडी दलाल आणि मँचेस्टरचे कारखानदार यांच्यातल्या देण्याघेण्याच्या अटींवरच्या भांडणाचा होता. म्हणजे ज्याने ‘देशेर कथा’ वाचले त्याने बूट सोडले. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत तो हिशेब पोचला नव्हता. त्याच्यापर्यंत पोचले ते दुकानापुढे उभे राहिलेले स्वयंसेवक.

इथे पुस्तकाची मर्यादा लागते, आणि देउस्करांबद्दल कितीही आपुलकी वाटली तरी ती सांगितली पाहिजे. त्यांचा हिशेब देशादेशांतला होता: इकडून इतके गेले, तिकडून इतके आले. पण देशाच्या आत झीज कोणी सोसायची, हे त्या वहीत नव्हते. बंगालमध्ये मागणी वाढली तशी मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी धोतरांचे भाव चढवले. देशभक्तीचे दोन आणे सरळ गिरणीमालकाच्या खात्यात जमा झाले. पूर्व बंगालच्या हाटांमध्ये स्वस्त विलायती कापड घेणारा आणि विकणारा बहुतेक गरीब मुसलमान शेतकरी किंवा नामशूद्र होता, आणि त्याला बहिष्कार पाळायला लावणारा जमीनदाराचा माणूस. १९०७ मध्ये मैमनसिंगच्या जमालपूरला दंगल पेटली तिच्यामागे हे होते. रवींद्रनाथ आधी या चळवळीत पुढे होते, ते याच कारणाने मागे सरले. १९१६ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘घरे बाइरे’त पंचू नावाचा फेरीवाला आहे. जमीनदार त्याचे विलायती कापड जाळतो. कादंबरीतला निखिलेश विचारतो ते साधे आहे, हे कापड तुमचे होते की त्याचे? देउस्करांनी शिकवलेला प्रश्न, पैसा शेवटी कुणाकडे जातो, रवींद्रनाथांनी गावाच्या आत वळवला. मला दोन्ही पुस्तके एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचावीशी वाटतात. एकाशिवाय दुसरे अर्धवट आहे.

सुरतेच्या मवाळांना हे कळले होते म्हणून त्यांनी ते तीन शब्द काढले, असे मात्र नाही. त्यांना सरकारशी वाकडे नको होते. मॉर्लेच्या सुधारणा येऊ घातल्या होत्या. जोडा पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी वेगळे संमेलन भरवले आणि टिळकांच्या लोकांना दारे बंद झाली ती १९१६ पर्यंत. अरविंदांनी सुरतेत जहालांच्या सभेचे अध्यक्षपद घेतले आणि तिथून आपल्या जुन्या बडोद्याला जाऊन विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याची गाठ घेतली. तो वेगळ्याच रस्त्याचा आरंभ होता.

कलकत्त्यात मात्र सुरतेचा भार एका माणसावर थेट कोसळला. ‘हितवादी’च्या चालकांनी देउस्करांना सांगितले की सुरतेला जे झाले त्याबद्दल टिळकांचा निषेध करणारा अग्रलेख लिहा. देउस्करांनी लेख लिहिला नाही, राजीनामा लिहिला. पगाराची नोकरी गेली. राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या विद्यालयात बंगाली आणि इतिहास शिकवू लागले. टिळकांवर १९०८ चा खटला झाला तेव्हा त्यावर बंगालीत पुस्तक काढले. १९१० च्या प्रेस ॲक्टनंतर सरकारने ‘देशेर कथा’ही जप्त केले आणि टिळकांवरचे पुस्तकही. सहा वर्षे खुलेआम विकले गेलेले पुस्तक अचानक राजद्रोही कसे ठरले, याचे उत्तर कलकत्त्याच्या जकात कचेरीत सापडावे. त्याच साली मुंबई सरकारने गांधींचे गुजराती ‘हिंद स्वराज’ही बंद केले. त्या पुस्तकात गांधींनी लिहिले आहे की रमेशचंद्र दत्तांचा आर्थिक इतिहास वाचून आपल्याला रडू आले. ज्या ग्रंथावरून देउस्करांनी आपले पुस्तक उभे केले, त्याच ग्रंथाचा हा दुसरा वाचक.

देउस्कर करौंला परतले आणि १९१२ च्या नोव्हेंबरात, त्रेचाळीस पुरी व्हायच्या आत, गेले. पुस्तक त्यांच्या भाच्याने हिंदीत नेले. हा भाचा म्हणजे बाबूराव विष्णू पराडकर, काशीत जन्मलेला मराठी माणूस, पुढे ‘आज’चा संपादक आणि हिंदी पत्रकारितेतले फार मोठे नाव. मामा मराठी, लिहिले बंगालीत. भाचा मराठी, नेले हिंदीत.

देशी मालासाठी किती झीज मागायची, हा प्रश्न काँग्रेसला पुढेही सुटला नाही. गांधींनी तो पैशातून काढून वेळात घातला. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला त्यांच्याच अध्यक्षतेखाली ठरले की काँग्रेसच्या सभासदाने वर्गणी म्हणून दरमहा दोन हजार वार सूत द्यावे. ज्याला स्वतः कातायचे नसेल त्याने दुसऱ्याने कातलेले आणून द्यावे, अशी सोयही त्यातच ठेवली होती. नऊ महिन्यांनी पाटण्याला भरलेल्या बैठकीत रोख चार आणे भरण्याची जुनी मुभा परत देण्यात आली.